शोकेसमधला विभास

क्रीमकाकांचं केकचं दुकान प्रसूतिगृहाच्या अगदी समोर होतं. यात काही दूरदृष्टी वगैरे नव्हती, तेव्हा तेवढीच जागा मिळाली होती. पण दुकानाला बरकत आली ती याच शेजारामुळे. समोर मूल जन्मायचं, बाप हसऱ्या चेहऱ्याने रस्ता ओलांडून इकडे यायचा आणि मग दरवर्षी त्याच तारखेला येत राहायचा.

काकांचा केक तसा बेताचाच. कुणी नावं ठेवावीत असा नव्हता, पण घरी गेल्यावर त्याची आठवण काढावी असाही नव्हता. त्यांचं अक्षर मात्र असं, की बघणाऱ्याने बघत राहावं. कागदाच्या कोनातून क्रीम सोडत ते नाव लिहायला लागले की गिऱ्हाईक आपोआप गप्प व्हायचं. हात हलू नये म्हणून काका जीभ दातांत धरायचे, त्यामुळे त्या वेळी त्यांना काही विचारण्यात अर्थ नसे. काकू मागच्या खोलीत पुठ्ठ्याची खोकी दुमडत बसायच्या आणि तिथून सगळं ऐकायच्या. दोघांना दोन मुली. थोरली आणि धाकटी, दोघी वडिलांवर गेलेल्या, म्हणजे अक्षर सुरेख आणि व्यवहार शून्य.

दुकानाच्या शोकेसमध्ये नमुन्याचा एक केक कायम मांडलेला असे. वरून क्रीम आणि आतून थर्माकोल. त्यावर नाव हवंच, नाहीतर गिऱ्हाइकाला अक्षर कसं कळणार? सुरुवातीला काकांनी त्यावर एक साधं, घरोघरी असतं तसं नाव घातलं होतं. एके दिवशी ते मागे हात धुवायला गेले असताना शेजारचा सलूनवाला आला, आपल्या मुलाचा केक तयारच आहे असं बघून खूश झाला आणि तो उचलून घेऊन गेला. संध्याकाळी त्याच्या घरी सगळा गोतावळा जमला, टाळ्या सुरू झाल्या आणि सुरी आत जाताच केकमधून अशी काही कर्रकन किंकाळी निघाली की टाळ्या वाजवणारे हात तसेच हवेत राहिले. पोरगं घाबरून रडायला लागलं. सलूनवाला पुढे कितीतरी दिवस काकांची दाढी करताना जरा जास्तच दाबून वस्तरा चालवत होता.

मग काकांनी नमुन्यावर स्वतःचंच नाव घातलं. त्याचा त्रास वेगळा. येणारा प्रत्येक जण त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला लागला. आधी ते समजावून सांगायचे, नंतर कंटाळून नुसते आभार मानायला लागले. औषधाच्या दुकानदाराने एकाच महिन्यात दोनदा शुभेच्छा दिल्या आणि दुसऱ्यांदा तब्येत सांभाळायला सांगितलं, तेव्हा काकांनी ते नाव खरवडून काढलं.

"आता लिहू तरी काय?" ते कोन हातात धरून वैतागले. "जगात कुणाचंच नसेल असं नाव आणू कुठून?"

काकू खोकं दुमडता दुमडता म्हणाल्या, "ते लिहा की. विभास. तसंही पडूनच आहे."

पडूनच होतं, हे खरं. लग्न झालं तेव्हाच काकूंनी मुलासाठी हे नाव काढून ठेवलं होतं. थोरली झाली, नाव राहिलं. धाकटी झाली, नाव पुन्हा राहिलं. धाकटीच्या वेळी काकू जिवावरच्या दुखण्यातून उठल्या आणि समोरच्या डॉक्टरीणबाईंनी आता बास म्हणून सांगितलं. मुलींवर दोघांचा जीव होता, त्यात खोट काढायला जागा नव्हती. नाव मात्र न वापरलेल्या पाहुण्यांच्या चादरीसारखं घडी घालून आत राहिलं होतं. काकांनी जीभ दातांत धरली आणि क्रीमने झोकदार अक्षरात लिहिलं, विभास. त्या नावाचं कुणीच आलं नाही. काकांना हायसं वाटलं.

पण समोर प्रसूतिगृह आहे, हे ते विसरले होते. तपासणीला आलेल्या बायका नंबर लागेपर्यंत रस्त्यापलीकडे बघत बसायच्या आणि बघायला होतं काय, तर शोकेस. नऊ महिने एकच नाव डोळ्यांसमोर राहिलं तर ते पोटात उतरणारच. पहिली आली ती वायरमनची बायको.

"काका, हे विभास कोण?"

"कोणी नाही."

"मग आम्ही ठेवलं तर चालेल?"

"ठेवा की! मोकळंच आहे," काका म्हणाले. एवढंच नाही, तर उदारपणाच्या भरात त्यांनी तिच्या केकवर एक गुलाबाचं फूल जास्तीचं काढून दिलं. रात्री जेवताना ही हकीकत त्यांनी काकूंना मोठ्या कौतुकाने सांगितली. काकू "हं" म्हणाल्या. त्या हंमध्ये काय काय होतं ते कळायला काकांना बरीच वर्षं लागली.

वायरमनचं पोर गोरंगोमटं आणि बाळसेदार निघालं. झालं! नावाचाच गुण, असं बायकांनी ठरवून टाकलं. मग गॅरेजवाल्याकडे विभास आला, औषधवाल्याच्या भावाकडे आला, पोस्टमनकडे तर जुळ्यांमधला एक विभास झाला आणि दुसऱ्याचं काय ठेवायचं यावर घरात आठवडाभर भांडण चाललं. नावाच्या उगमाबद्दल ज्याचं त्याचं संशोधन तयार होतं. निवृत्त मास्तर सांगायचे, हे नाव फार प्राचीन आहे, आणि कुठलं ते विचारलं की चष्मा पुसत बसायचे. गॅरेजवाल्याची सासू छातीठोकपणे सांगे की तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या विभासच होते. खुद्द शोकेस समोर असताना नाव तिथून आलं हे कुणाला आठवत नसे.

पुढे पुढे तर पंचाईतच व्हायला लागली. चेंडू लागून दुकानाची काच फुटली, तेव्हा बघणाऱ्याने इमानदारीने सांगितलं, "विभासने फोडली." संध्याकाळी सगळ्या विभासांच्या आया कंबर कसून दुकानात हजर झाल्या. प्रत्येकीचा विभास त्या वेळी घरी अभ्यास करत होता. काकांनी हात जोडले आणि काच स्वतः बसवून घेतली.

इतकं होऊनही काकांना मनातून गंमतच वाटत होती. आपण लिहिलेलं नाव रस्त्यावरून पळतंय, सायकल चालवतंय, हे काय वाईट? पण मग थोरलीला दिवस गेले.

थोरली शाळेत शिशुवर्गावर शिकवायची. काकूंनी एका दुपारी तिच्यासमोर फळं कापून ठेवली आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "मुलगा झाला तर नाव माझं हं."

"कुठलं? विभास?" थोरली खायची थांबली. "आई, अगं नाही गं! माझ्या वर्गात चार आहेत. एकाला बस म्हटलं तर चौघे बसतात आणि एकाला ऊठ म्हटलं तर चौघे उठतात. घरी आल्यावर तरी मला सुख लागू दे."

 काकूंनी सालं गोळा केली, ताटली धुतली, मग त्या मागच्या दाराने दुकानात आल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या.

"वाटलंत ना सगळं? बसा आता!"

"काय वाटलं?"

"माझ्या मुलाचं नाव! मोकळंच आहे म्हणे! तुम्हाला कोणी विचारलं होतं वाटायला?"

काकांचा कोन हातातच दाबला गेला आणि एका नाजूक केकवर क्रीमचा मोठा गोळा पडला. इतक्या वर्षांच्या संसारात काकूंनी 'माझा मुलगा' हे शब्द कधी उच्चारले नव्हते. त्यानंतर चार-पाच दिवस घरात ताट वाढलं जायचं, पण शब्द वाढला जायचा नाही.

काकांनी चूक निस्तरायचं मनावर घेतलं. आता नाव काय उधार दिलेली शिडी आहे, परत मागून आणायला? पण ते निघाले. आधी वायरमनकडे गेले आणि आढेवेढे घेत म्हणाले, "तुमच्या मुलाला घरातलं एखादं लाडाचं नाव नाही का? तेच बरं दिसेल म्हणतो मी."

"काका, त्याला मिसरूड फुटतंय आता," वायरमन म्हणाला. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

गॅरेजवाल्याच्या सासूने तर त्यांना दारातूनच वाटेला लावलं. तिच्या माहेरच्या पिढ्यांचा प्रश्न होता. घरी येऊन काकांनी नमुन्याच्या केकवरचं नाव पुसून टाकलं. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

ते बघून काकू पहिल्यांदा बोलल्या, आणि आवाजात राग नव्हता.

"ते कशाला पुसलंत? मी रोज सकाळी शटर उघडल्यावर आधी तिकडे बघायचे."

काका स्टुलावर बसले. "मला वाटलं, नुसता नमुना आहे."

"तुमच्यासाठी असेल. माझ्यासाठी त्याचा रोज वाढदिवस असायचा."

मग त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, हे नाव आलं कुठून. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा बसने या गावाला येत होते, वाटेत बस थांबली होती आणि काका पाणी आणायला उतरले होते. फलाटावर एक बाई आपल्या मुलाला हाका मारत होती. विभास, ए विभास, चल लवकर. मुलगा काही येत नव्हता आणि बाई काही थांबत नव्हती. "तिच्या आवाजात इतका हक्क होता!" काकू म्हणाल्या. "मला नाव नाही आवडलं हो. हाक आवडली. मला कधीतरी तशी हाक मारायची होती, रस्ताभर ऐकू जाईल अशी. तेवढंच हवं होतं."

 काकांचे डोळे भरून आले, तेव्हा त्यांनी उगाच ओव्हन उघडून आत बघितलं.

थोरलीला मुलगा झाला. तिने आणि जावयाने नाव ठेवलं दोन अक्षरांचं, छोटंसं, हल्लीच्या पद्धतीचं. काकूंनी नातवाला पोटाशी धरलं, त्याच नावाने त्याचे लाड केले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्यांनी बोलून दाखवलं असतं तर काकांना सोपं गेलं असतं.

थोरली सासरी परतली, त्याच आठवड्यातली दुपार. शाळा सुटली होती. रस्ता दप्तरांनी आणि सायकलींनी भरून गेला होता. काका काउंटरमागून उठले आणि मागच्या खोलीत गेले.

"चल, बाहेर ये. हाक मार."

"कुणाला?"

"विभासला."

"काहीतरीच काय! लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघतो. तू मार."

काकू नाही नाही म्हणत दारापर्यंत आल्या. पदराला हात पुसले, तो नीट केला, उगाच चष्माही सारखा केला. पहिली हाक इतकी हळू निघाली की ती फक्त काकांनाच ऐकू आली. काका रस्त्याकडे बघत राहिले, जणू काही त्यांचा याच्याशी संबंधच नाही. मग काकूंनी उंबऱ्यावर पाऊल ठेवलं, छाती भरून श्वास घेतला आणि दुसरी हाक मारली.

"विभाऽऽस! ए विभाऽऽस!"

"ओऽऽ!" सायकलच्या दुकानापाशी कुणीतरी ओरडलं. "ओ!" वह्यांच्या दुकानातून आलं. "आलो!" रस्त्यापलीकडून एक नुकताच फुटलेला घोगरा आवाज आला, तो वायरमनच्या मुलाचा. बघता बघता उंच, बुटके, चष्मेवाले, नाक वाहणारे असे सगळे विभास धापा टाकत दुकानासमोर येऊन उभे राहिले.

"काय काकू?"

पुढे काय बोलायचं ते काकूंनी ठरवलंच नव्हतं. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज आपोआप चढला, डोळ्यांतलं पाणी न पुसताच त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि दरडावून विचारलं, "कुठे होतास रे इतका वेळ?"

"शाळेत," सगळे एकदम म्हणाले.