पावलांची वही

ती निळी वही डोळ्यांपुढे आली की आजही माझी मान खाली जाते.

कर्जत-खालापूर भागातल्या दोन नाट्यगृहांतून महिनाभरात रंगमंचाचे दिवे चोरीला गेले होते. कुलूप कुठेच फोडलेलं नव्हतं. अशात रसायनीच्या एका वसाहतीतल्या नाट्यगृहाच्या रखवालदाराने खबर दिली, की एक माणूस भरदुपारी येतो, स्टेजवर पावलं मोजत फिरतो आणि काहीतरी लिहून घेतो.

आम्ही त्याला वहीसकट पोलीस ठाण्यात आणलं. साठीचा शेतकरी, भिवपुरीजवळच्या गावचा, तिथल्या नाट्यमंडळात वर्षानुवर्षं कामं करणारा. वहीत आसपासची झाडून सगळी नाट्यगृहं, शाळांचे हॉल, देवळांचे सभामंडप. त्याच्या गावच्या शाळेच्या पानावर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘विंगेपासून मागचं दार सात पावलं. दोन पायऱ्या. कडी आतून.’ चोराचा नकाशाच हाती लागला असं समजून मी मनात मांडेही खाल्ले.

दोन तास विचारपूस केली. माणूस वडिलांच्या वयाचा, तरी मी अरे-तुरेवर आलो. नाटकासाठी मोजतो, एवढंच तो सांगत राहिला. नाटकाला दाराची कडी कशाला लागते, यावरही तेच उत्तर. शेवटी जबाबाचा कागद पुढे सरकवला. त्याने सही केली ती कागदाबाहेर, टेबलाच्या लाकडावर.

मी हवालदाराला बाहेर पाठवलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, “साहेब, कडेचं कायच दिसत नाय आता. दिवे लागले का समोरचंबी जातं. म्हनून पावलं मोजून ठेवतो. मंडळात कुनाला म्हाईत नाय. यंदा बापाचं मोठं काम दिलंय मला. तुमी सांगू नका.”

मी हो म्हणालो. तासाभराने मंडळाचे प्रमुख त्याला न्यायला आले आणि चिडून मला जाब विचारू लागले. सगळं ठाणं ऐकत होतं. माझी चूक झाकायला मी म्हणालो, “अहो, यांना दिसत नाही आणि तुम्ही यांना स्टेजवर उभं करता?” तो दाराशी पायाने चपला चाचपत राहिला.

पुढच्या आठवड्यात दिवे एका मांडववाल्याकडे सापडले. नाट्यगृहांच्या किल्ल्या त्याच्याकडे असायच्या. किल्ल्यांची चौकशी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

मंडळाचं नाटक त्या रविवारी दुपारी गावच्या शाळेच्या हॉलमध्ये होतं. वही परत करायला गेलो, तर तो पहिल्या रांगेत बसलेला. बापाचं काम दुसऱ्याला दिलं होतं. मी माफी मागितली, वही पुढे केली.

“ऱ्हाऊ द्या, साहेब,” तो म्हणाला. “आता पोरगी हात धरून खुर्चीपरेंत आनते. वहीचं काय करू?”

पोलिसाचा संशय चुकतो, त्याची मला फारशी लाज वाटत नाही. विश्वासाने सांगितलेली गोष्ट स्वतःची अब्रू वाचवायला मी चारचौघांत बोललो, त्याची वाटते. माणसाला बोलतं कसं करायचं हे मला शिकवलं होतं. ऐकलेलं पोटात ठेवायचं असतं, हे मी त्याचं नुकसान करून शिकलो.

मी त्याच्या शेजारीच बसलो. पडदा उघडला, नाटकातला बाप मागच्या दारातून आत आला आणि खुर्चीखाली याची पावलं जागच्या जागी हलू लागली. मी मोजली. सात भरली.