चवथीचा गोटा

ती चवथ मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत खून पुष्कळ पाहिले. पण इंग्रजीतल्या दोन शब्दांमधला फरक कळला नाही तर एक तरुण फासावर जाईल, अशी वेळ माझ्यावर एकदाच आली.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताच्या सरकारात मोडत होते आणि मी चांदूरकडच्या, रेल्वेच्या रुळाजवळच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायांची हजेरी चालू असताना एका खेड्याचा कोतवाल चिखलाने भरलेल्या पायांनी आत आला. पोलीस पाटलाची वर्दी त्याने दारातूनच दिली.

"सायेब, खून झाला. गोट्यानं डोकं फोडलं. मारनारा चावडीत बसवून ठेवला हाये."

आमच्याकडे हातात मावेल एवढ्या दगडाला गोटा म्हणतात. चतुर्थीचा चंद्र चुकून दिसला तर वर्षभरात चोरीचा खोटा आळ येतो, ही समजूत सगळ्यांना माहीत आहे. त्यावरचा उतारा हल्लीच्या शहरी वाचकांना कदाचित माहीत नसेल. शेजाऱ्याच्या छपरावर गोटा टाकायचा आणि त्याच्या शिव्या खायच्या. शिव्या जितक्या चांगल्या मिळतील तितका आळ लांब पळतो. त्या संध्याकाळी वऱ्हाडातली सभ्य घरेसुद्धा मोकळ्या तोंडाने शिव्या देत, आणि दुसऱ्या दिवशी त्याबद्दल कोणी कोणावर रुसत नसे.

गावात पोहोचलो. मयत हा साठीकडे झुकलेला शेतकरी होता. मूलबाळ नव्हते, मागे फक्त बायको राहिली होती. प्रेत अंगणात छपराच्या कडेखाली पडलेले, डोक्यावर खोल जखम, शेजारी मुठीपेक्षा मोठा काळा गोटा आणि फुटलेल्या कवेलूचे, म्हणजे कौलाचे, तुकडे. पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनासाठी अमरावतीला रवाना केले. एवढे होईपर्यंत मयताचा चुलतभाऊ माझ्या मागे मागे फिरत होता. बाईच्या वतीने सगळे तोच बोलत होता.

"धुऱ्यासाठी मारलं, सायेब. पेरनीच्या टायमाले ह्यानं भर बाजारात म्हनलं होतं, तुले धुऱ्यातच गाडतो म्हनून. इचारा गावाले."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्याकडे भाऊ भावाला सोडतो, पण धुरा सोडत नाही. गावाला विचारले तर गावाने मान डोलावली. आरोपी हा शेजारच्याच घरातला पंचविशीतला गडी, नवीन लग्न झालेला. चावडीत तो गुडघ्यांत डोके घालून बसला होता, हातांवर वाळलेले रक्त तसेच होते.

"गोटा तू टाकला?"

"मीच टाकला, सायेब. चवथीचा होता."

"धुऱ्याचे भांडण होते?"

"हाये ना. खोटं कावून बोलू?"

इतक्या सरळपणे फासाकडे चालत निघालेला आरोपी मी पूर्वी पाहिला नव्हता. माझे जमादार खूश झाले. त्यांच्या मते तपास संपला होता.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचे डी.एस.पी. दौऱ्यावर आले. साहेब गोरे, वयाने तरुण, स्वभावाने न्यायी, पण घाईचे. कागद वाचून त्यांनी मान हलवली. "मोटिव्ह तो मिल गया, ठाणेदार. तीनसौ दो लगाओ."

मी उभा राहून इंग्रजीत सांगितले, मोटिव्ह मिळाले आहे साहेब, इंटेन्शन अजून मिळालेले नाही.

हे दोन्ही शब्द मराठी कागदांत आम्ही खुशाल एकाच 'हेतू'त कोंबत असू, आणि त्यामुळे डोक्यातही घोटाळा होई. ट्रेनिंगला असताना आमच्या कायद्याच्या मास्तरांनी तो माझ्यापुरता कायमचा मिटवला होता. मोटिव्ह म्हणजे माणसाला मागून ढकलणारे कारण. इंटेन्शन म्हणजे कृत्य करताना त्याने समोर धरलेला परिणाम. सासूने छळलेल्या सुनेपाशी मोटिव्ह ढीगभर असते आणि हातात रोज लाटणेही असते. पण तिने लाटणे उचलले की ती पोळीच लाटणार आहे, हे सासूलाही ठाऊक असते. त्या दोन शब्दांच्या पलीकडे नॉलेज नावाचा तिसरा शब्द आहे, म्हणजे आपल्या हातून काय होऊ शकते याची जाणीव. कोर्टात या तिघांतला कोणता शब्द सिद्ध होतो, त्यावर फाशी, काळे पाणी की थोडी कैद, हे ठरते.

हे साहेबांना मी शिकवायची गरज नव्हती. ते हसले आणि त्यांनी मला नेमके अडवले. "शहाणा खुनी हीच संध्याकाळ निवडेल. आणि गंमतच करायची होती तर एवढा मोठा दगड कशाला?"

प्रश्न बिनतोड होते. मी मुदत मागितली. तालुक्याचा दौरा आटोपून आपण परत येऊ तोपर्यंत, असे साहेब म्हणाले.

दगडाचा प्रश्न सोपा निघाला. साहेबांचे गाव कसे होते मला माहीत नाही, पण आमच्या काळ्या जमिनीत शोधून खडा सापडत नाही, आणि भादव्यात तर सगळा चिखलाचा गाराच असतो. त्या गावाजवळ स्टेशनच्या रस्त्यासाठी फोडलेल्या गिट्टीचा ढीग पडला होता. मी शिडी लावून आळीतली छपरे पाहिली. बहुतेक छपरांवर तीच काळी गिट्टी, काही तुकडे मयताच्या अंगणातल्या गोट्याएवढेच. सगळी आळीच त्या संध्याकाळी ढिगावर जाऊन आली होती.

पहिला प्रश्न मात्र उरला. चुलतभाऊही तेच बोलत होता, की ह्याने चवथीचे निमित्त केले. मी आरोपीला पुन्हा समोर बसवले, तंबाखू दिली आणि आडून विचारले.

"गोटा टाकून पळाला का नाहीस?"

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी वऱ्हाडातला नव्हेच. "शिव्या खाच्या होत्या ना, सायेब. पयालो अस्तो तर गोटा वायाच गेला अस्ता."

"मग शिव्या कोणी दिल्या?"

तंबाखू तळहातावर तशीच राहिली. खाली पाहत म्हणाला, "कोनी नाई."

पोलिसाच्या नोकरीत खोटे ऐकून कान तयार होतात. मानेला फास लागेल असे सगळे खरे सांगणारा माणूस एवढ्या एकाच ठिकाणी खोटे बोलत होता. तपासाचे दार तिथे होते.

त्या अंगणात शिव्या देणारे माणूस एकच असू शकत होते. पण चुलतभाऊ बाईपासून हलेना. मग मी पटवाऱ्याला बोलावले आणि चुलतभावाला सांगितले, की भांडणाचा धुरा मोजून घ्यायचा आहे, तुमच्याशिवाय कोण दाखवणार? तो पागोटे सावरत पटवाऱ्याबरोबर शेताकडे निघाला. मोटिव्हच शोधत बसलो असतो, तर बिनवारस शेतावर डोळा ठेवून असलेल्या या गृहस्थापाशी ते सगळ्यांत मोठे सापडले असते.

बाई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मी पायरीवर बसलो.

"माय, गोटा पडला तेव्हा तुम्ही शिव्या दिल्या ना?"

ती बोलू लागली, ती थांबेना.

"देल्ल्या, सायेब. कवेलू फुटलं तं मी भाईर आली. कुंपनाजवळ थो उभा होता, हासून राह्यला होता. म्हने, काकी, आवाज लहान झाला तुमचा, येऊ द्या अजून. मी म्हनलं, तुह्या घरात मुडदा पडो. आमचे हे हासतच भाईर आले, पोराले बोल्ले, खाय लेका, पोट भरून खाय. तेवढ्यात वरतून गोटा घसरला, फुटक्या कवेलूसंग. पोरगा कुंपन ओलांडून धावला, त्यायचं डोस्कं मांडीवर घेतलं." तिने तोंडावर पदर घेतला. "माह्या तोंडातून निंघाला तो मुडदा माह्याच घरात पडला. कोनाले सांगू?"

गोटा टाकणे आणि तो डोक्यावर पडणे यांच्या मधे छपरावर अडकलेला एक दगड होता, मोकळे हसणे होते, तिघांची थट्टा होती. खून करायला आलेला माणूस कुंपणाशी उभा राहून आणखी शिव्या मागत नाही. तो पडलेल्याचे डोके मांडीवर घेत नाही. चावडीत त्याच्या हातांवर रक्त दिसले होते ते असे.

चावडीत येऊन आरोपीला विचारले, हे आधी का सांगितले नाहीस?

"सांगतलं अस्तं तं तिले कोर्टात वढलं अस्तं, सायेब. साऱ्या गावानं म्हनलं अस्तं, हिच्या तोंडानं नवरा खाल्ला. मले तं गोट्याचं पाप लागलंच हाये."

बाईने जबानी द्यायचे कबूल केले. मी तिला एवढेच सांगितले, की तुमच्या शिवीला कायद्यात कलम नाही आणि देवाच्या दारीही नसावे, पण तुम्ही गप्प राहिलात तर दुसरा मुडदा पडेल आणि तो मात्र सरकार पाडेल. ती मॅजिस्ट्रेटपुढे उभी राहिली आणि चुलतभावाच्या डोळ्यांत डोळे घालून सगळे बोलली. डी.एस.पी. साहेबांनी तिची जबानी दोनदा वाचली. "नो इंटेन्शन," ते म्हणाले आणि खुनाचे कलम स्वतःच्या हाताने खोडले. निष्काळजीपणाचा खटला झाला. शवविच्छेदनाचा अहवाल जबानीशी जुळला आणि गड्याला थोडी कैद होऊन तो सुटला.

नंतर नोकरीभर नव्या फौजदारांना मी हेच सांगत आलो. मोटिव्ह सापडले म्हणून हुरळून जाऊ नका. ते अख्ख्या गावात प्रत्येकाविरुद्ध प्रत्येकापाशी सापडते, आमच्या वऱ्हाडात तर धुऱ्याधुऱ्याला. इंटेन्शन शोधायचे तर माणसाने कृत्य केल्यावर पुढच्या क्षणी काय केले ते पाहा.

पुढे माझी बदली अकोल्याला झाली. एका हंगामात तिथल्या कापसाच्या बाजारात तो गडी गाडी घेऊन आलेला भेटला. अंगाने भरला होता. मी काकीची चौकशी केली.

म्हणाला, "सुटून आलो त्या सालच्या चवथीले गावात कोनीच गोटा टाकला नाई, सायेब. मी रिकाम्या हातानं गेलो, कुंपनाजवळ उभा राह्यलो. काकी भाईर आली. म्हने, कावून उभा हायेस? म्हनलं, शिव्या खाले आलो. तवाच्या अर्ध्याच राह्यल्या. काकी काई बोलेना. मले वाटलं, आता हे जल्मभर बोलत नाई."

तो बैलाच्या मानेवरून हात फिरवू लागला.

"मग?"

"मंग एकदम वरडली. मुडद्या, वरीसभर कुठी मेला होता रे? धुऱ्यावर तन वाढलं मानूसभर, थे काय तुहा बाप काढीन?" त्याने डोळे पुसले. "तवापासून धुरा मीच साफ करतो, सायेब. दोन्हीकडून."