विहिरीतल्या हाका

लढाईच्या दिवसांत देवळाली प्रवऱ्याला आमच्या मळ्यात विहीर खोदत होते. खोदणाऱ्यांचा मुकादम उंच, अबोल माणूस होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मध्येच तो डावा खांदा झटकायचा, तेवढं ध्यानात राहिलं.

एका सकाळी गडी खाली उतरले, पण हा काठावरच बसून राहिला. वडील चिडले. मी पाणी नेऊन दिलं, तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, आठ रोज झालं, एकच सपान पडतंय. इहिरीच्या तळातनं कुनीतरी मला हाका मारतंय, आन मी वळून बघत न्हाई."

"भगताला विचारलंत का?"

"इचारलं. कोंबडं दिलं. तरी पडतंय."

बोलता बोलता त्याने खांदा झटकला आणि हात तसाच थांबला. मागाहून कळलं, खाली काम करताना रोज त्या खांद्यावर विहिरीच्या कडेतून चिमूट चिमूट मुरूम पडत होता, आणि तो वर न बघता झटकत होता. तो ताडकन उठला. काठावर ओणवून ओरडला, "समदी वर या! हत्यारं ऱ्हाऊ द्या!"

शेवटचा गडी वर आला आणि थोड्याच वेळात पूर्वेची कड धडधडत खाली गेली.

"स्वप्न खरं झालं हो," मी म्हणाले.

"न्हाई ताई. दिवसा मी ज्याच्याकडं काणाडोळा केला, ते रातीला हाका मारीत हुतं."

"आता तरी झोप लागेल ना?"

तो घाम पुसत म्हणाला, "अवंदा आजून तीन इहिरी खांदायच्या हायेत."