त्या पोराला सोडलं का?

माझा धाकटा भाऊ जहाजावर पत्ते वाटायचा. जहाज म्हणजे आमच्या पाचूबंदरच्या धक्क्याला लागतात तसली मासेमारीची बोट नव्हे. प्रवाशांना घेऊन बेटाबेटांवरून फिरणारं, इमारतीएवढं उंच जहाज. त्यात एक कॅसिनो होता आणि माझा भाऊ तिथे काळं जाकीट घालून हिरव्या टेबलामागे उभा राहायचा. आई गावात सांगताना “बोटीवर हॉटेलात हाय” एवढंच सांगायची. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कुणी जास्त खोदून विचारलं, की तिला नेमकी बाजारात जायची घाई व्हायची.

बाबा गेल्यावर आमची बोट विकली. भावाला समुद्राचं वेड होतं, पण जाळी ओढायचं नव्हतं. त्याने एका संस्थेत पत्ते वाटण्याचं शिक्षण घेतलं. असंही शिक्षण असतं हे मला तेव्हाच कळलं. मी तोवर लग्न होऊन विरारला मनवेलपाड्यात राहायला आले होते आणि एका शाळेच्या ऑफिसात कामाला लागले होते.

पहिली खेप संपवून तो सुट्टीवर आला तेव्हाची एक गोष्ट आईच्या मनात राहिली होती. जेवून उठताना तो दोन्ही हात ताटावर धरायचा, हलकेच एकमेकांवर घासायचा आणि पालथे-उलथे करून दाखवायचा. आईला वाटलं, पोरगा जहाजावर राहून जास्तच भाविक झाला. तिने विचारलं तर तो हसला.

“अगं, टेबल सोडताना तसं करावं लागतं. वर कॅमेरा असतो. हातात काही लपवलं नाही हे दाखवायचं. सवय लागलीय.”

“रोज?”

“दर वेळी. पाणी प्यायला गेलो तरी.”

आईने त्याच्या ताटात आणखी एक बोंबलाचा तुकडा टाकला.

दुसऱ्या खेपेत त्याने व्हिडिओ कॉलवर एका पिक्चरचं सांगितलं. कॅसिनो लुटणाऱ्या टोळीचा इंग्रजी पिक्चर होता. पहिला भाग त्याने कॉलेजात असताना मित्रांबरोबर दोनदा पाहिला होता. आता दुसरा भाग आला होता. सगळे बडे नट, एकापेक्षा एक, आणि या वेळी त्यांत आणखी नव्यांची भर. जहाजावर कर्मचाऱ्यांसाठी त्याचा खेळ झाला होता.

“पहिल्याची सर नाही,” तो म्हणाला. “गोष्ट उगाच लांबवलीय. चोरी तर साफ खोटी. पण आई, टेबलं अगदी खरी आहेत. वाटणारेसुद्धा खरे घेतलेत, हात बघून कळतं. तू बघच. मी काय करतो ते तुला कळेल.”

आई त्या दिवसापासून माझ्या मागे लागली. बाबा असताना वसईत पडद्यावर कधीतरी पाहिलेला पिक्चर सोडला, तर ती थिएटरात गेलेली नव्हती. मीच आज-उद्या करत राहिले. शेवटी वसईतल्याच एका मॉलमध्ये हिंदीत केलेला खेळ लागलाय असं कळलं आणि मी शनिवार दुपारची तिकिटं काढली.

तिकिटं काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी भावाचा आवाजी मेसेज आला. मी ऑफिसात दाखले शिक्के मारून ठेवत होते. बाहेर जिन्यात जाऊन ऐकला. आवाज दबका होता.

“ताई, मला टेबलावरून उठवलंय. चिप्सचा, त्या पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा, हिशेब लागत नाहीये. खेळायला आलेला एक पाहुणा माझ्याच टेबलावर सारखा जिंकत होता, त्यांना वाटतंय आम्ही मिळालेले आहोत. मी त्या माणसाला ओळखतही नाही. चौकशी चालू आहे. फोन ठेवून घेणार आहेत. आईला सांगू नको. तू पण काळजी करू नको.”

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा ऐकला. उलट फोन केला तर लागला नाही. ज्या एजन्सीने त्याला पाठवलं होतं तिथे फोन केला. तिथली मुलगी अतिशय गोड बोलली. “मॅडम, हे कंपनीचं अंतर्गत प्रकरण आहे. आमच्याकडे अपडेट आलं की कळवू.” मी विचारलं, त्याला कुठे ठेवलंय, जेवायला-खायला देतात का. ती म्हणाली, “मॅडम, तेवढी माहिती आमच्याकडे नसते.”

नवऱ्याला सांगितलं. तो चांगला माणूस आहे, त्याने ओळखीच्या एका वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, जहाज कुठल्या देशाच्या झेंड्याखाली आहे त्यावर सगळं. आम्हाला झेंडाच माहीत नव्हता. नवराही माझ्यासारखाच हात चोळत बसला. ज्या समुद्रात माझा भाऊ होता तो नकाशात बघायला मी मोबाइल उघडला, तर नुसता निळा रंग. त्यावर बोट फिरवत राहण्याखेरीज मला काही करता येईना.

पिक्चर रद्द करावा असं मनात आलं. पण कारण काय सांगणार? शनिवारी आई धुवट साडी नेसून, केसांत अबोली माळून दारात उभीच होती.

हॉलमध्ये थंडी होती. आईने पदर दोन्ही खांद्यांवरून गुंडाळून घेतला. पिक्चर सुरू झाला आणि एकेक नट पडद्यावर आला तशा मागच्या रांगेतल्या मुलांनी शिट्ट्या वाजवल्या. जुने मित्र परत एकत्र येतात, एकमेकांची थट्टा करतात, झकपक कोट घालून चालत येतात. आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. कॅसिनो आला की मात्र पुढे सरकून बसायची. नट पुढे बोलत असायचे आणि ही त्यांच्या खांद्यामागून मागची टेबलं बघायची.

“तो बघ. काळं जाकीट.”

“हो.”

“आणि तो पलीकडचा. किती बारीक हाय. जेवत नसेल धड.”

पुढच्या रांगेतला एक बाप मागे वळून बघायला लागला. मी आईच्या हातावर हात ठेवला. एवढ्यात पडद्यावर एका वाटणाऱ्याची पाळी संपली. त्याने हात टेबलावर धरले, घासले, पालथे-उलथे केले. कॅमेरा तिथे पळभरही थांबला नसेल.

“बाय!” आई मोठ्याने म्हणाली. “आपला असंच करतो!”

शेजारची दोन पोरं हसली. मला हसता आलं नाही.

मध्यंतराच्या थोडं आधी टोळीतला एकजण त्याच बारीक वाटणाऱ्याला मागच्या खोलीत नेतो. तिथे चादरी-टॉवेलांचे ढीग असतात. त्याचं जाकीट काढून घेतो, हात बांधतो, तोंडात बोळा कोंबतो आणि जाता जाता त्याच्या गालावर थाप मारून काहीतरी विनोद करतो. हॉलभर हशा झाला. तो नट लोकांचा लाडका आहे. दार बंद होतं आणि नट त्याचं जाकीट घालून टेबलामागे जाऊन उभा राहतो.

आई हसली नाही. मध्यंतरात मी सामोसे आणले तर तिने तिचा हातात नुसता धरून ठेवला.

“त्याला पानी कोन देल?” तिने विचारलं.

“आई, पिक्चर आहे तो.”

“पिक्चर हाय, म्हाईत हाय मला. पन सोडतील ना?”

“सोडतील. पुढे दाखवतील.”

पण दाखवलंच नाही. दुसऱ्या अर्ध्यात टोळीने तिजोरी फोडली. छतावरून दोरखंड सोडले, सगळीकडचे दिवे घालवले, मालकाची फजिती केली. मग कळलं की जी चूक झाली असं वाटत होतं तीही त्यांच्या बेतातच होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यातलं अर्धं पाहिलं नाही. मला सारखी ती खोली दिसत होती, आणि पडद्यावरच्या त्या पोराच्या जागी दुसरंच तोंड दिसत होतं. आई मात्र नीट बघत होती. कॅमेरा कुठल्या बोळातून गेला की ती मान लांब करायची. आता ते दार येईल, आता येईल.

पिक्चर संपला, नावं सुरू झाली, लोक उठले. आई उठेना.

“चल.”

“थांब. अजून दाखवतील.”

केर काढायला आलेल्या बाई दारात थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बसा मावशी, शेवटी जरा हाय अजून.” म्हणून आम्ही बसलो. नावं संपली आणि खरंच एक छोटा प्रसंग आला. सगळे नट समुद्रकिनाऱ्यावर आरामखुर्च्यांत बसलेले, आणि एकाचा फोन वाजतो. तिसऱ्या भागाची सोय. मग पडदा पांढरा झाला.

रिक्षात आईने खांद्यांवरचा पदर सोडून सारखा केला. मग म्हणाली, “मालकाचं गेलं ते गेलं. तो काय उपाशी मरनार नाय. पन उद्या त्या पोराला विचारतील ना, तू कुठं व्हतास, तुझं जाकीट त्याच्या अंगावर कसं? तो काय सांगेल? कोन ऐकेल त्याचं?”

मी म्हटलं, “कॅमेरे असतात आई. सगळं दिसतं त्यात.”

“कॅमेऱ्यात दिसतं तर धरलं का नाय चोरांना?”

धक्क्याजवळ रिक्षा वळली तेव्हा तिने विचारलं, “त्याचा फोन आलता तुला?”

“नेट नसेल. समुद्रात असतील.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग पाकिटातली सुटी नाणी शोधायला लागली. मी पाहत होते, तिला नाणी सापडत नव्हती, कारण ती बघतच नव्हती.

सोमवारी ऑफिसातल्या बायकांनी मला घेरलं. त्यांना तोच पिक्चर बघायला जायचं होतं. “कसा आहे गं? पैसे वसूल आहेत ना?” मी काय सांगणार? मी म्हणाले, हॉल छान आहे, खुर्च्या मऊ आहेत, आणि सगळे नट आहेत. “म्हणजे बघावा की नाही?” त्यातल्या एकीने चिडून विचारलं. मी म्हणाले, “पहिला पाहिला असेल तर दुसऱ्यात तेच आहे. लोक हसत होते.” त्या गेल्या आणि त्यांना फार आवडला. आईला चर्चबाहेर बायकांनी विचारलं तर ती म्हणाली, “चोर लोक छान दाखवलेत.”

पुढचे दिवस मी एजन्सीला फोन करत राहिले. तीच मुलगी, तोच आवाज. पुढे पुढे ती माझा नंबर ओळखू लागली आणि मी काही विचारायच्या आधीच “नो अपडेट मॅडम” म्हणायची. देवावर माझा विश्वास आईइतका नाही, तरी शाळेतून येताना मी कुठल्याशा क्रुसापाशी उभी राहायचे. काय मागायचं तेही नीट कळत नव्हतं. मग एका दुपारी फोन वाजला आणि पलीकडे भाऊ होता. कुठल्यातरी बंदरावरून.

“मिटलं,” तो म्हणाला. “त्यांचीच मोजणीत चूक होती. शेजारच्या टेबलाच्या चिप्स माझ्या नावावर लागल्या होत्या.”

मी हातातले दाखले टेबलावर टाकून जिन्यात आले. “सॉरी म्हणाले?”

“सॉरी कोण म्हणतं? टेबलावर परत घेतलं नाही. पाहुण्यांना बरं वाटत नाही म्हणे. करार इथेच संपवलाय. विमानाचं तिकीट दिलंय. मी येतोय ताई.”

तो आला तेव्हा बारीक झाला होता. आईने पापलेटं आणून ठेवली होती. जेवताना ती इकडचं तिकडचं बोलत राहिली. कुणाची बोट दुरुस्तीला आहे, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं. मला वाटलं, हिला काही कळलेलं नाही, बरं झालं. मग त्याच्या पानात भात वाढता वाढता तिने खालच्या आवाजात विचारलं, “कुठं ठेवलं व्हतं तुला?”

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी काही बोलले नव्हते.

“केबिनमध्ये,” तो म्हणाला. “माझ्याच केबिनमध्ये. बाहेर एकजण उभा असायचा. त्रास कुणी दिला नाही.”

आईने “हं” केलं आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी अजून उष्टी व्हायची होती.

पुढचे काही महिने तो धक्क्यावर मामाच्या बोटीचा माल उतरवायला जात होता. चंदनसारला एका मोबाइलच्या दुकानातही बसला थोडे दिवस. पण त्याला येत होतं ते पत्ते वाटायला. त्याने दुसऱ्या कंपन्यांकडे अर्ज केले. एकीने इंटरव्ह्यू मोबाइलवर घ्यायचं ठरवलं. पाचूबंदरला नेटचा भरवसा नाही, म्हणून तो माझ्या घरी आला, आणि त्याच्याबरोबर आईही आली.

तो आतल्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून बसला. दार लोटलेलं होतं. आई आणि मी स्वयंपाकघरात. कुकरची शिट्टी होईल म्हणून मी गॅस बंद केला. पंखाही बंद केला, कारण तो खडखडतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली तर आईने वर बघून डोळे वटारले.

आतून त्याचं इंग्रजी ऐकू येत होतं. ठाम, पाठ केलेलं. कुठल्या टेबलांवर काम केलंय, किती वेगाने पत्ते वाटतोस, रात्रपाळी चालेल का. मग पलीकडच्या माणसाने काहीतरी विचारलं आणि आतला आवाज थांबला.

“काय इचारलं?” आई कुजबुजली.

मला ऐकू आलं होतं. मागचं जहाज मध्येच का सोडलंस, असं विचारलं होतं.

“काही नाही,” मी म्हणाले.

तो बोलायला लागला. आवाज आता पाठ केलेला नव्हता. शब्द शोधून शोधून, थांबत थांबत तो झालेलं सगळं सांगत होता, मोजणीची चूक, केबिन, सगळं. मध्येच पलीकडचा माणूस “ओके, ओके” म्हणाला. मला आत जाऊन त्या मोबाइलच्या पडद्यात तोंड घालून सांगावंसं वाटलं, की हा खरं बोलतोय. पण मी कोण? मी ओट्याला टेकून उभी होते आणि आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

थोड्या वेळाने दार उघडलं. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“बघू. कळवतील.”

आईने माझं मनगट सोडलं आणि गॅस पेटवला.