नायलॉनची दोरी

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, छापखान्यात मुद्रितं तपासतात. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका हुडकून काढणं हे त्यांचं काम. हे काम संध्याकाळी छापखान्यातच ठेवून घरी यावं एवढी साधी गोष्ट त्यांना आयुष्यात जमलेली नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा ते पेन हातात घेऊन वाचतात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने पाटीवर 'केस कापुन मिळतील' असं लिहिलं होतं. भाऊजींनी त्याला उकार दीर्घ करायला सांगितलं, तो हो हो म्हणाला आणि त्याने काहीच केलं नाही. भाऊजींनी न्हावी बदलला. नवा न्हावी त्यांचे कल्ले वरखाली कापतो, पण त्याची पाटी शुद्ध आहे.

छापखान्यात त्यांना खोडरबर म्हणतात. ते कानावर आलं तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती की खोडरबराने शाई निघत नाही, तेव्हा हे नाव तपासून ठेवलेलं नाही.

अशा माणसाच्या हाती एके दिवशी एका खेळाच्या नियमांचं पुस्तक तपासायला आलं. टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातलं एकेक पात्र होतात, काय करायचं ते ठरवतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. गोष्टीही कशा, तर गुप्त नकाशे, पडकी देवळं, मुखवटा घातलेले खलनायक, आणि विमान कोसळलं तरी टोपीसुद्धा न हलणारे नायक. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'मजा येत असेल तर खुशाल नियम मोडा.' भाऊजींनी समासात विचारलं, 'हा नियम आहे की अपवाद? नियम असल्यास तोही मोडावा काय?' पुढे उंचावरून पडण्याचे नियम दोन ठिकाणी दोन तऱ्हेचे निघाले. त्यांनी शंकांचा गठ्ठा पाठवला. प्रकाशकाने उत्तर दिलं नाही आणि पुस्तक चुकांसकट छापलं. भाऊजींच्या जिवाला ते इतकं लागलं, की बरोबर नियमांनी हा खेळ कसा दिसतो ते बघायला त्यांनी आम्हालाच टेबलाशी बसवलं. तेव्हा भाची शाळेत होती. आता ती नोकरीला लागली, आणि आम्ही अजून बसलेलोच आहोत.

आम्ही म्हणजे चौघं. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मुष्टियोद्धा होतात. दिवसभर लोकांच्या तोंडात हळुवार हात घालणाऱ्या माणसाला कुणाचे तरी दात पाडायची हौस असणारच. ताई तिजोऱ्या फोडते. मी चष्म्याच्या दुकानात बसतो, म्हणून मला प्रोफेसर केलं. आणि भाची म्हणजे कॅप्टन तुफान, वैमानिक. हे नाव तिने शाळेच्या गणवेशात बसून ठेवलं होतं. त्या काळी बायका विमान चालवायच्या का, हे भाऊजींनी ग्रंथालयात दोन रविवार घालवून पाहिलं आणि मगच परवानगी दिली. चालवायच्या, हे कळल्यावर त्यांना झालेला आनंद मात्र लपत नव्हता.

खेळ चालतो १९३२ साली. हे साल भाऊजींनी आमच्या मानेवर जोखडासारखं ठेवलं आहे. डॉक्टरांना खिशातून बॉलपेन काढता येत नाही, ते अजून निघालेलं नाही. माझ्या पहिल्या प्रोफेसराच्या पायात खिळा घुसला आणि जखम चिघळली. डॉक्टरांनी घाईघाईने पेनिसिलिन देऊ केलं. भाऊजींनी अतिशय खेदाने सांगितलं की पेनिसिलिनचा शोध लागला आहे, पण औषध म्हणून ते हातात यायला अजून बरीच वर्षं आहेत. प्रोफेसर गेले. ज्यांनी मगरींच्या पाठीवरून नदी ओलांडली होती, ते खिळ्याने गेले. सध्या मी त्यांच्या धाकट्या भावाची भूमिका करतो, आणि तोही बूट घातल्याशिवाय अंथरुणातून उतरत नाही.

खलनायकाचीही यातून सुटका नाही. मागच्या मोहिमेत तो भल्यामोठ्या हवाई जहाजातून पळत होता. जहाज म्हणजे हायड्रोजन भरलेला अवाढव्य फुगा. धमकी देण्यापूर्वी चिरूट पेटवायची त्याची सवय. भाऊजी म्हणाले, ठिणगी पडली तर सगळेच जळतील, म्हणून काडेपेट्या चढतानाच जमा करून घेतल्या आहेत. मग त्याने न पेटवलेला चिरूट चघळत आम्हाला धमकी दिली. ताईला इतकं हसू आलं की तिला पाणी द्यावं लागलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर भाचीला दूरच्या शहरात नोकरी लागली. जायच्या आधीचा रविवार हा तिचा शेवटचा खेळ. आदल्या दिवशी ती माझ्या दुकानात आली, उगाच दोनचार फ्रेमा नाकावर चढवून पाहिल्या आणि मग म्हणाली, "मामा, उद्या तुफान मरता कामा नये. मी नसले तरी ती टेबलाशी हवी. आई चालवेल तिला. नाहीतर रविवारी बाबा त्या खुर्चीकडे बघत बसतील."

मी म्हटलं, मग त्यांनाच सांग. ती म्हणाली, बाबा म्हणतील फासा ठरवेल. हेही खरंच होतं. भाऊजी फासे सगळ्यांसमोर टाकायला लावतात आणि पडलेला आकडा देवालाही फिरवू देणार नाहीत. मला त्यांचा राग आला. पोरगी घर सोडून निघाली आहे आणि तिला बापाकडे एवढं मागायची चोरी, म्हणजे काय.

रविवारी दुपारी जेवणं उरकून बसलो. भाऊजींनी त्याच हवाई जहाजाचा नकाशा स्वतः काढला होता, जिने आणि झडपा मोजूनमापून. कडेला आमची नावं सुवाच्य अक्षरात होती. मेलेल्या पात्राचं नाव ते एका सरळ रेघेने खोडतात. खलनायक जहाजाच्या पोटाखालच्या दारातून निसटत होता. तुफानने त्याच्यावर झेप घेतली. भाचीने फासा टाकला. तो टेबलावरून गडगडत डॉक्टरांच्या कपापर्यंत गेला आणि थांबला. एक. याहून वाईट आकडा त्या फाशावर नाही.

झेप हुकली, तुफान दारातून खाली गेली. भाऊजींना पडण्याचा नियम वाचायची गरज नव्हती, तो त्यांनीच दुरुस्त केलेला होता. त्यांनी पेन उचललं, चष्मा वर सरकवला आणि तुफानच्या नावावर रेघ मारली. रेघ वाकडी गेली. एवढ्या वर्षांत त्यांची वाकडी रेघ मी पहिल्यांदा पाहिली. ताई उगाच कप गोळा करायला लागली.

"थांबा," भाची म्हणाली. "माझ्या कमरेला दोरी आहे. दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलंय."

भाऊजींनी मान वर केली. दोरीला त्यांची हरकत नव्हती, वैमानिक दोरी बाळगणारच. पण जुनी तागाची दोरी एवढ्या झटक्याने तुटणार, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी विचारलं, "कसली दोरी?"

"नायलॉनची."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. नायलॉन १९३२ साली नव्हतं, हे त्या टेबलाशी बसणाऱ्या मांजरालाही पाठ झालं असतं. भाचीला तर झोपेतून उठवून विचारलं तरी तिने साल सांगितलं असतं, बापानेच शिकवलेलं. ती चुकली नव्हती. ती चूक घेऊन बापापुढे बसली होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नायलॉनची?" भाऊजींनी पुन्हा विचारलं. शंका आली की लेखकाला दोनदा विचारायची त्यांची रीत आहे.

"नायलॉनची, बाबा."

इथे छापखान्यातली एक खूण सांगायला हवी. एखादा शब्द खोडला आणि मग वाटलं की खोडायला नको होता, तर त्याच्याखाली बारीक ठिपक्यांची ओळ द्यायची. जुळणी करणारा ओळखतो की शब्द आहे तसा ठेवायचा. भाऊजींनी मला ती खूण पूर्वी काढून दाखवली होती, आणि वर ऐटीत सांगितलं होतं की मला ती कधी लागत नाही, मी खोडतो ते खोडण्यासारखंच असतं.

त्यांनी पेन कागदाला टेकवलं. तुफानच्या खोडलेल्या नावाखाली एक ठिपका दिला, मग दुसरा, आणि नावाच्या शेवटापर्यंत सावकाश देत गेले. मग टोपण लावलं आणि म्हणाले, "लटकलेली आहे. पुढचं पुढच्या रविवारी."

डॉक्टरांना काही कळेना. ते विचारू लागले की हे कुठल्या नियमात बसतं, तेव्हा मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. ताईने गोळा केलेले कप पुन्हा टेबलावर ठेवले आणि त्यांत चहा ओतला.

भाची गेली. पुढच्या रविवारी ताई तुफानच्या खुर्चीत बसायला निघाली, तर भाऊजींनी तिला अडवलं आणि तिथे फोन ठेवला, पाण्याच्या तांब्याला टेकवून. भाचीचा आवाज आला. तिने विचारलं, तुफान कुठे आहे.

"तिथेच," भाऊजी म्हणाले. "जहाज वर चाललंय, वारा आहे, कमरेला दोरी आहे. तुझी पाळी."

"कसली दोरी, बाबा?"

"कसली म्हणजे? नायलॉनची," भाऊजी चिडून म्हणाले. "टाक फासा."

पलीकडे फासा खडखडला. ती म्हणाली, वीस. भाऊजींनी वीस लिहून घेतले. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा वीस पडले आणि त्यानंतरच्याही. शेवटी मला राहवलं नाही. फासे सगळ्यांसमोर टाकायचे या नियमाचं काय झालं, असं मी विचारलं. माझ्या थोरल्या भावाला या माणसाने एका खिळ्यापायी मारलेलं मी विसरलेलो नाही.

भाऊजींनी नकाशावरून नजरसुद्धा उचलली नाही. "प्रोफेसर," ते म्हणाले, "तुम्ही तुमचे बूट सांभाळा."