ताईंची साधीशी रायफल

हार्लेम, बाडहूव्हडॉर्प आणि पंचक्रोशीतील समस्त मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आपल्या ताई रायफल विकत घेत आहेत. कोणीही घाबरून जाऊ नये. मात्र ज्यांनी ताईंचे डबे अद्याप परत केलेले नाहीत, त्यांनी ते त्वरित करावेत.

हा मजकूर मंडळाच्या ग्रुपवर मीच टाकला होता. संध्याकाळपर्यंत ताईंच्या दारात स्टीलच्या डब्यांची रांग लागली. मग त्यांचा मला फोन आला. "साहेब, बंदूक यायची आहे अजून. पण उपयोग सुरू झाला बघा!"

ताई माझ्या ऑफिसातल्या, समोरच्याच टेबलावरच्या. वयाने माझ्याहून लहान, तरी साऱ्या मंडळाच्या ताई. उंची बेताची, चष्मा जाड, काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. त्यांची एक लकब तुमच्याही नजरेतून सुटली नसती. काहीही महत्त्वाचं करायच्या आधी त्या अर्धा श्वास सोडायच्या आणि थांबायच्या. बॉसला ईमेल पाठवताना, तव्यावरची पुरणपोळी उलटताना, सायकलवरून डावीकडे वळताना. बोट हवेत, पोळी हवेत, बघणाऱ्याचा जीवही हवेत. मग काम फत्ते.

"अर्धाच का सोडता?" मी एकदा विचारलं.

"हात हलत नाही त्याने. उरलेला काम झाल्यावर सोडायचा."

ही विद्या कोल्हापूरच्या कॉलेजातली, एन.सी.सी.ची. खडीवर पालथं पडून मारलेल्या गोळ्या त्यांना पन्नाशी जवळ आली तरी आठवायच्या. मग लग्न झालं, मुलगी झाली, पुणं झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी हॉलंड झालं. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेली, त्या आठवड्यात बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकदा लांबवर पाहिलं आणि थेट नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं.

क्लबाच्या बंदुकीवर त्यांचं पहिलं वर्ष गेलं. आता मन अडकलं होतं एकाच गोष्टीत. दर शरद ऋतूत क्लबाची मंडळी सीमा ओलांडून जर्मनीतल्या मोठ्या मैदानावर जात आणि तीनशे मीटरवर नेम धरत. तिथे जायचं तर स्वतःची रायफल हवी. रायफल हवी तर पोलिसांचा परवाना हवा. आणि हे सगळं घरच्या बजेटात बसायला हवं.

आमच्या मंडळात बंदुकीला हात लावलेला एकही माणूस नव्हता. त्यामुळे सल्ला द्यायला सगळेच मोकळे होते. वॉशिंग मशीन घेताना जसं चालतं, अगदी तसं. कुणी वॉरंटी विचारली. कुणी म्हणालं, जर्मनच घ्या. एकाने तर ब्लॅक फ्रायडेपर्यंत थांबायला सांगितलं. क्लबाचे अध्यक्ष म्हणजे साडेसहा फुटी डच आजोबा, त्यांची स्वतःची रायफल ऑपरेशन थिएटरमधल्या यंत्रासारखी दिसायची. ते डच मोकळेपणाने म्हणाले, "स्वस्तातली घेऊन तीनशे मीटरवर येणार असशील, तर सोबत वाचायला पुस्तक आण. वेळ तरी जाईल."

ताईंनी अर्धा श्वास सोडला. थांबल्या. "बरं," म्हणाल्या.

दुकानात त्या मला घेऊन गेल्या. का, ते मला आजही कळलेलं नाही. बहुधा त्यांच्या अहोंना नेलं असतं तर त्यांनी दुकानदाराला आपली पाठदुखी सांगत बसवलं असतं. दुकानदाराने काउंटरवर रायफली मांडल्या. एक काळी चकचकीत, नाना खाचा नि बटणं असलेली. ती पाहून मी सोळा वर्षांचा झालो. शेजारी एक जुनी, कुणीतरी वापरून विकलेली, तपकिरी दस्त्यावर ओरखडेच ओरखडे.

"ताई, ही काळी काय दिसतेय!"

"आपण साडी घेतोय का साहेब?"

मग त्यांनी परवानगी मागून ती ओरखड्यांची रायफल उचलली. रिकामी आहे ना, ते स्वतः उघडून पाहिलं. छोट्या बॅटरीने नळीत उजेड टाकून बराच वेळ डोळा लावून बसल्या. दस्त्याला गाल टेकवला, समोरच्या भिंतीवरच्या खिळ्यावर नेम धरला आणि चाप ओढला. टिक. पुन्हा ओढला. टिक. कान देऊन अशा ऐकत होत्या, जणू गवई तंबोरा लावतोय.

"लाकडावर ओरखडे असू देत," त्या मला म्हणाल्या, "नळीच्या आत नकोत. चाप दर वेळी एकाच जागी सुटायला हवा. आणि हिच्यात जे पैसे वाचतील ते दुर्बिणीत घालायचे. दिसलंच नाही तर महागाची बंदूक काय करणार? शिवाय हिची गोळी कुठल्याही दुकानात मिळते. रोज सराव परवडला पाहिजे, खरेदी एकदाच असते."

एवढं शहाणपण ऐकून मी भारावलो होतो, तोच त्या दुकानदाराकडे वळल्या आणि शुद्ध डचमध्ये म्हणाल्या, "वर काहीतरी द्या ना."

भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी तसं हो! त्या भल्या माणसाला उभ्या आयुष्यात असं कुणी म्हटलं नसावं. तो गोंधळला, आत गेला आणि नळी साफ करायचा एक ब्रश घेऊन आला. ताईंनी तो पर्समध्ये टाकला. परवाना मिळेपर्यंत रायफल दुकानातच राहणार होती.

आता राहिले पोलीस. घरात भिंतीला पक्की ठोकलेली लोखंडी तिजोरी हवी आणि ती बघायला अधिकारी येणार. ताईंच्या जिन्याखालच्या कपाटात आधी पापड-कुरडया असत, तिथे तिजोरी बसली. भिंतीला भोकं पाडायची ड्रिल माझी, म्हणून त्या सकाळी मीही हजर.

अधिकारी आला, बूट काढून आत आला, कॉफी घेतली. तेवढ्यात अहो माझ्या कानाशी आले. चेहरा पांढरा. "तिजोरीवर स्वस्तिक आहे."

"काय?"

"काल काढलं मी. कुंकवाने. नवी वस्तू ना घरात! आता सुचतंय…"

युरोपात त्या चिन्हाने लोकांना काय आठवतं, हे तुम्हाला सांगायला नको. तेही बंदुकीच्या तिजोरीवर! मी अहोंना म्हटलं, जा, पुसा, मी याला धरून ठेवतो. आणि मंडळी, मी धरून ठेवला. पावसावर बोललो, आगगाड्यांच्या उशिरावर बोललो, बाडहूव्हडॉर्पवरून जाणाऱ्या विमानांच्या आवाजाची तर नक्कलही केली. ताई माझ्याकडे वेड लागल्यासारख्या बघत होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

शेवटी अधिकारी उठला. ताईंनी कपाटाचं दार उघडलं.

अहोंनी ओल्या फडक्याने पुसलं होतं. ओलं कुंकू काय करतं, ते तुम्ही जाणताच. स्वस्तिक गेलं होतं आणि त्याच्या जागी तिजोरीच्या दारावरून लालभडक ओघळ खाली येत होते. शेजारी अहो उभे, दोन्ही हात मनगटापर्यंत लाल.

अधिकाऱ्याने तिजोरीकडे पाहिलं, अहोंच्या हातांकडे पाहिलं, मग ताईंकडे. "हे काय आहे?"

रंग सांडला म्हणता आलं असतं. मी तोंड उघडतच होतो. पण ताईंनी अर्धा श्वास सोडला. थांबल्या. त्या क्षणी मला कळलं की ह्या बाईंचं ते जर्मनीतलं मैदान, ते तीनशे मीटर, सगळं त्या उरलेल्या अर्ध्या श्वासावर टांगलेलं आहे.

"इथे स्वस्तिक होतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नवीन वस्तूवर काढतात, तिने कुणाचं वाईट होऊ नये म्हणून. माझ्या नवऱ्याने काढलं. तुम्ही काय समजाल या भीतीने त्यानेच पुसलं. मला आत्ता त्याचे हात बघून कळलं. कळलं असतं तर पुसू दिलं नसतं, तुम्हाला समजावून सांगितलं असतं."

अधिकारी तिजोरीपाशी गेला. वाकला, दोन्ही हातांनी तिजोरी गदागदा हलवून पाहिली. हलली नाही. कुलूप पाहिलं, गोळ्या वेगळ्या कप्प्यात राहतील ना ते विचारलं. मग सरळ उभा राहून म्हणाला, "मी द हेगमध्ये वाढलो. शेजारी सुरिनामहून आलेलं हिंदू कुटुंब होतं. त्यांच्या दारावर हेच असायचं. दिवाळीला आजी आम्हा पोरांना लाडू द्यायच्या."

अहो तसेच लाल हातांनी स्वयंपाकघराकडे धावले. लाडू नव्हते. चिवडा होता. तो अधिकाऱ्याने खाल्ला आणि परवाना काही आठवड्यांत आला.

जर्मनीला आम्ही तिघंही गेलो, धपाट्यांचा डबा घेऊन. ताई पहिल्या आल्या नाहीत, पाचव्याही नाहीत. पण शेवटच्या पाच गोळ्यांचा कागद अध्यक्ष आजोबा स्वतः घेऊन आले. पाचही भोकं एका चहाच्या बशीखाली झाकली गेली असती. त्यांनी रायफलच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मग, पुस्तक कुठवर वाचलंस?"

"विसरलेच आणायला," ताई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात धपाटा दिला.

पुढच्या वर्षी अहोंची कंपनी त्यांना पुण्याला परत बोलावून बसली. रायफल काही सामानात घालता येत नव्हती. ताईंनी ती क्लबाला देऊन टाकली. आता नवशिके तिच्यावर शिकतात आणि अध्यक्ष त्यांना आधी नळीच्या आत बघायला लावतात. तिजोरी माझ्याकडे आली. तिच्यात मी दिवाळीच्या चकल्या ठेवतो, पोरांपासून सुरक्षित. बिजागरीच्या फटीत कुंकवाची एक लाल रेघ अजून आहे. मी ती पुसत नाही.

स्किपोल विमानतळावर निरोपाला अर्धं मंडळ जमलं होतं. मी छानसं भाषण तयार केलं होतं, पण ते खिशातच राहिलं. ताई सगळ्यांना भेटल्या आणि आत जाणाऱ्या फाटकाशी पोचल्या. पास यंत्रावर टेकवायचा, की मग मागे वळणं नाही. त्यांनी हात पुढे केला. अर्धा श्वास सोडला. थांबल्या. पास हवेत, रांग खोळंबलेली, आणि आमच्यापैकी कुणाला पुढे बघवेना.

तेव्हा मागून अहो सगळ्या विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अगं, उरलेला पुण्यात सोड! विमान जाईल!"