झोपलेल्या पोराला दूध नाही

माझ्या जिभेला हाड नाही असं माझी आई म्हणायची. पुढे सासूही तेच म्हणाली, आणि त्या दोघींचं आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. मी ते हसण्यावारी न्यायचे. तोंडाने फटकळ असले तरी मनाने वाईट नाही, असं आपलं आपल्यालाच प्रशस्तिपत्र देऊन मोकळी व्हायचे. पनवेलच्या दूधकेंद्रात काम केलं, त्यानंतर ते हसणं गेलं.

केंद्र म्हणजे काय, तर बाजारामागच्या भाड्याच्या दोन खोल्या. गावातल्या चार भल्या माणसांनी चालवलेलं. परदेशातून दुधाच्या भुकटीची पिंपं यायची. सकाळी पाणी उकळायचं, कोमट झालं की त्यात भुकटी घालून रवीने घुसळायचं; तरी मेल्या गाठी राहायच्याच. मग दारात बायकांची ओळ लागायची. आईला एक पेला, तो तिने माझ्यासमोर उभं राहून प्यायचा. घरी न्यायचा नाही, कारण घरी नेलेलं दूध नवऱ्याच्या चहात जातं हे मला पक्कं ठाऊक होतं. बाळाला वाटीचमच्याने, तेही माझ्यासमोर.

बहुतेक बायका खाडीकाठच्या गावांतल्या, मिठागरावर राबणाऱ्या. दूध पिऊन त्या तशाच कामावर जायच्या. दिवसभर उन्हात मीठ ओढायचं, टोपल्या वाहायच्या आणि अंगावरचं पोर बांधावर गोणपाटावर ठेवायचं. ते घडोघडी रडायला लागलं तर मुकादम कुठे ऐकणार? त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा तोडगा होता, अफू. मोहरीएवढी अफू करंगळीच्या नखात भरायची आणि नख बाळाच्या तोंडात द्यायचं. पोर दुपारपर्यंत गपगार. दारूवर बंदी आली होती, पण जुन्या अफूबाजांना परवान्यावर अफू मिळायची. घरात एक म्हातारी परवानेवाली असली की सगळ्या घराचं भागायचं. बाळंतिणीच्या कंबरदुखीवरही तीच. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरचटल्यावर हळद लावावी, तसंच ते.

पण गुंगीतलं पोर दूध ओढत नाही. आईचंही नाही आणि वाटीतलंही नाही. पिंपं रिकामी होत होती आणि पोरांच्या बरगड्या तशाच दिसत होत्या. मला हे काम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अफू बंद करा. कशी बंद करायची, ते काही सांगितलं नव्हतं. मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे नियम काढला. झोपलेल्या पोराला दूध नाही आणि त्याच्या आईलाही नाही. पोर आणायचं ते टक्क जागं. दारातच मी पोराची पापणी वर करून बघायचे. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी दिसली की म्हणायचे, चला, व्हा बाजूला!

बायका काय कमी होत्या? ओळीत उभ्या राहून पोरांना चिमटे काढायच्या, तळव्यांना टिचक्या मारायच्या, रडवून रडवून आत आणायच्या. मी पकडायचे आणि चारचौघींत अशी बिनपाण्याने करायचे की बाकीच्या पदर तोंडाला लावून हसायच्या. खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्यातली एक विशीतली मुलगी होती, पहिलटकरीण. तिची पोर चार महिन्यांची, पण दिसायला दीड महिन्याची. हातात घेतली तर मान टाकलेली, ओठ कोरडे. मी तिला विचारलं, "पोर मारायचीय का तुला?"

"नाय बाय."

"मग नख दाखव."

तिने हात पाठीमागे लपवले. मी तिचा हात ओढला आणि करंगळीचं काळं नख सगळ्या ओळीला दाखवलं. "बघा गं बघा, आईची माया बघा!" बायका हसल्या. ती खाली मान घालून उभी राहिली. "पोरीचीही अफू बंद आणि तुझीही बंद," मी बजावलं. "मगच या दारात पाऊल ठेव."

बाकीच्या मला फसवत होत्या. हिने बिचारीने माझं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिचं नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, पाय लटपटत होते. पोर तर किंचाळून किंचाळून निळी व्हायची, वर जुलाब. "रातभर दोघी रडतो बाय," ती म्हणाली. मी म्हटलं, "रडू दे. रडणारं पोर जगतं." आणि पातळ दूध चमच्या-चमच्याने पोरीच्या तोंडात सोडत बसले. निम्मं बाहेर यायचं. आई स्वतःचा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायची, ओकारी आली तरी गिळायची. रोज यायची. एवढी जिद्द मी माझ्या उभ्या आयुष्यात कुणाची पाहिली नाही, आणि तसं तिला कधी बोलूनही दाखवलं नाही. चांगलं बोलायची वेळ आली की माझी जीभ कुठे जायची कुणास ठाऊक.

आठवडाभराने पोरीने चमचा हिरड्यांत धरला तो सोडेचना. ओढून काढला तर भोकाड पसरलं. आम्ही दोघी हसलो. पुढच्या दोन आठवड्यांत तिच्या मनगटाला वळी पडली. मुकादम कटकट करायचा म्हणून आई तिला पाठीला बांधून मीठ वाहू लागली, विहिरीवर जातानाही बांधूनच न्यायची. मी ओळीतल्या बायकांना सांगायचे, हिच्याकडे बघा, शिका काहीतरी!

मग एक दिवस पोरीच्या पाठीवर घामोळं उठलं. म्हणून आईने तिला न बांधता सासूजवळ ठेवलं आणि पहाटे पाण्याला गेली. मागे पोर रडायला लागली. म्हातारीचा जीव तुटला. तिने पूर्वीसारखं नख भरलं, पूर्वीएवढंच, आणि पोरीच्या तोंडात दिलं. तीन आठवडे सुटलेल्या पोराला जुनं माप सोसत नाही, हे म्हातारीला माहीत असायचं काही कारण नव्हतं. मलाही ते माहीत नव्हतं. आणि त्या म्हातारीशी मी एका शब्दाने कधी बोलले नव्हते. माझा सगळा आवाज सुनांवर.

केंद्र उरकलं होतं. मी पातेलं घासत होते, तेव्हा दारात सावली आली. वर न बघताच मी ओरडले, "ही काय यायची वेळ झाली?"

ती उंबऱ्याच्या आत आली. पोर पदराखाली होती, केस ओले, झबलं ओलं. पाणी मारलं होतं तिच्यावर. मी पापणी वर केली. पोर तिच्या हातातून घेऊन मी शेजारच्या गल्लीत डॉक्टरांकडे धावले, अनवाणी, राखेने माखलेल्या हातांनी. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ लावून ठेवली. मग नळी काढून म्हणाले, "दोन तासांपूर्वी आणली असतीत तर काहीतरी करता आलं असतं, बाई."

ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. मी तिच्याजवळ बसले. तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, एवढं तरी मला कळायला हवं होतं. पण माझ्या तोंडून बाहेर पडलं ते हेच, "अगं, सकाळी उजाडताच का नाही आणलीस तिला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी आयुष्यभर सोसला असता. राग नव्हताच. साधी गोष्ट या बाईला कशी कळत नाही, एवढंच होतं.

"झोपली व्हती ना बाय," ती म्हणाली. "उठवत व्हते तिला. तुमी आत घेतली नसती."

नसतीच घेतली मी.